वर्गणी मोबाईलवर आली, पावती कुठे गेली?

आमच्या देगलूर भागाला पैशाचे नवे शब्द शिकण्याची सवय जुनी आहे. निजामाच्या राज्यात येथे हाली सिक्का चालत असे आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा तो हिशोब होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, तरी हाली नाणे पुरते बाद व्हायला १९५९ साल उजाडले. त्याच्या आधीच, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. अशा प्रत्येक बदलात ज्याला हिशोब कळत होता तो तरला आणि ज्याला कळत नव्हता तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. सरकारी कागद तर उर्दूत असत. आमच्या बापजाद्यांनी न वाचताच त्यावर अंगठे उठवले.

आज काळ पुन्हा एकदा बदलला आहे. शाळेची फी मोबाईलवर, जयंतीची वर्गणी मोबाईलवर, दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीचे भाडे मोबाईलवर आणि विहाराच्या बांधकाम निधीसाठी भिंतीवर चिकटवलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. अंगठ्याची जागा आता पिनने घेतली आहे. पण न वाचता अंगठा उठवणे आणि न समजता पिन दाबणे यात फरक तो काय? आमच्या माता-भगिनी आम्हाला विचारतात, ‘भाऊ, पैसे कटले की हो, पण पोचले नाहीत म्हणायलेत. आता आम्ही कोणाला विचारावं?’ म्हणून या वेळी आम्ही या कारभारातले नेहमीचे शब्द उलगडून सांगणार आहोत. दिवसभर कीर्द-खतावणीत डोके घालून बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पैसा जातो तो आधी शब्दांतून जातो, खिशातून नंतर.

पहिला शब्द ‘यूपीआय’. एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात तत्काळ पैसे नेणारा हा रस्ता. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने तो बांधला आणि ११ एप्रिल २०१६ रोजी त्याची सुरुवात झाली. फोनपे, गुगल पे, पेटीएम ही त्या रस्त्यावरून धावणारी वाहने आहेत. त्यांच्यातच एक ‘भीम’ आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी ते सुरू झाले, तेव्हा बाबासाहेबांच्या नावावरून हे नाव ठेवल्याचे सरकारने सांगितले होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंध लिहिला, १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने निघाला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. मात्र नाव भीमाचे आहे म्हणून डोळे मिटून बटण दाबावे, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही. तपासून घ्या, पडताळून घ्या, हीच तर आपल्या धम्माची शिकवण.

दुसरा शब्द ‘क्यूआर कोड’ आणि त्याचा सोबती ‘यूपीआय आयडी’. क्यूआर म्हणजे चित्ररूपातला पत्ता. पैसे कोणाच्या खात्यात जाणार हे त्यात लिहिलेले असते, पण ते आपल्या डोळ्यांना वाचता येत नाही. मोबाईल मात्र ते वाचतो आणि पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर दाखवतो. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही. चौकोनावर दुसराच चौकोन चिकटवून गेल्याचे प्रकार बाजारात घडले आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी जवळच्या मुलाकडून नाव मोठ्याने वाचून घ्यावे.

आता खरी गोम येथेच आहे. विहाराच्या भिंतीवरचा चौकोन वाचला आणि पडद्यावर समितीच्या ऐवजी खजिनदाराचे स्वतःचे नाव आले, तर काय समजायचे? आमचे उत्तर असे की खजिनदार प्रामाणिक असला तरी ही पद्धत चुकीची आहे. प्रामाणिक माणसाचे तर तिच्यामुळे जास्तच नुकसान होते. त्याचा पगार, त्याच्या मुलीच्या लग्नाची शिल्लक आणि समाजाचा निधी एकाच खात्यात मिसळतो. उद्या त्याचे बरेवाईट झाले तर बँक समितीला ओळखत नाही, ती वारसाला ओळखते. फसवणुकीतला एखादा पैसा फिरत फिरत त्या खात्यात आला तर पोलिसांच्या सांगण्यावरून खाते गोठते आणि त्याच्याबरोबर ऐन जयंतीच्या तोंडावर वर्गणीही गोठते. मग मंडपवाला दारात येतो आणि पारावर बसलेली चार माणसे बोलू लागतात. वीस वर्षे समाजासाठी झिजलेला माणूस अशा बोलण्याने घरी बसतो, तो पुन्हा विहाराची पायरी चढत नाही. पैसे भरून काढता येतील. असा माणूस कसा भरून काढणार?

म्हणून तिसरा शब्द शिकायचा तो ‘संस्थेचे खाते’ आणि त्यासाठी लागणारी ‘केवायसी’. केवायसी म्हणजे खातेदार कोण आहे याची बँकेने केलेली खातरजमा. समितीच्या नावाने खाते काढायचे तर नोंदणीचे प्रमाणपत्र, घटना, पॅन आणि व्यवहार कोण पाहणार याचा बैठकीतला ठराव बँक मागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे आणि नोंदणीचे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे आहे. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करण्यालाही या कायद्याचे नियम आहेत. नोंदणी नसलेल्या तात्पुरत्या जयंती मंडळांनी गोळा करायला निघण्यापूर्वीच त्या कार्यालयात चौकशी करावी. खात्यावर किमान दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्यांतील एक सही महिलेची असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. महिला बचत गटांनी गटाच्या नावाने खाती चालवून दाखवली आहेत. त्यांना जमते ते पुरुषांच्या समितीला जमू नये काय?

चौथा शब्द ‘पिन’. चार किंवा सहा आकड्यांचा हा गुप्त अंक म्हणजे आपला आजचा अंगठा. एक नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. कोणी म्हणाले, ‘ताई, तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती अडकली आहे, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका, लगेच जमा होईल,’ तर तो चोर समजावा. शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीमार्फत विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. तिच्यासाठी कोणाला पिन सांगावा लागत नाही, ‘ओटीपी’ सांगावा लागत नाही. ओटीपी म्हणजे एका वेळेपुरता आलेला अंक. तोही आपल्यापाशीच ठेवायचा असतो.

याच्याच जोडीचा शब्द ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे समोरच्याने आपल्याकडे केलेली पैशाची मागणी. ‘पैसे आले’ असे वाटून लोक बटण दाबत आणि पैसे जात. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. दुकाने, कंपन्या, संस्था यांच्यासाठी ती तेव्हा सुरू ठेवण्यात आली. म्हणून पडद्यावर ‘पे’ हा शब्द दिसला की तो जाणारा पैसा आहे, एवढे ओळखायला घरातल्या आजीलाही शिकवावे. तरीही फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये. त्याच क्षणी १९३० हा क्रमांक फिरवावा आणि बँकेला कळवावे. पहिला तास फार मोलाचा असतो.

आता फीच्या दिवसांत घरोघरी रडवणारे तीन शब्द पाहू. ‘सक्सेस’ म्हणजे झाले, ‘फेल’ म्हणजे झाले नाही आणि ‘पेंडिंग’ म्हणजे अधांतरी. पेंडिंग दिसले की घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरवून दिल्या आहेत. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकान किंवा संस्थेच्या बाबतीत ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला वकील लागत नाही. मात्र आपणच चुकीच्या माणसाला पैसे पाठवले असतील तर ते आपोआप परत येत नाहीत, त्या माणसाची संमती लागते. नाव वाचण्याचा आग्रह आम्ही उगीच धरत नाही.

तक्रार करायची तर हाती काय हवे? ‘यूटीआर’ किंवा व्यवहार क्रमांक. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. मनीऑर्डरच्या पावतीवरच्या क्रमांकासारखाच हा. पैसे कोणत्या दिवशी, कोणत्या बँकेतून, कोठे गेले हे या क्रमांकावरून शोधता येते. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, रक्कम, कशासाठी आणि हा क्रमांक एवढे लिहून ठेवावे. मोबाईल हरवतो, वही घरात राहते.

आणि ‘स्क्रीनशॉट’? तो पडद्याचा फोटो, पावती नव्हे. खोटे स्क्रीनशॉट बनवणे आजकाल पोरखेळ झाला आहे. म्हणून खजिनदाराने फोटो पाहून ‘मिळाले’ म्हणू नये, खात्याचा उतारा पाहून म्हणावे. देणाऱ्यानेही फोटोवर समाधान मानू नये. पावती मागावी. पावती मागणे म्हणजे संशय घेणे, हा आपल्या समाजात शिरलेला गैरसमज आधी काढून टाकला पाहिजे. पावती देणाऱ्याचेही रक्षण करते आणि घेणाऱ्याचेही.

शाळेच्या ॲपमध्ये याहून निराळे शब्द भेटतात. ‘फी हेड’ म्हणजे कशाबद्दलची रक्कम: शिकवणी शुल्क, परीक्षा, बस, सहल. एकूण आकडा पाहून भरू नये, प्रत्येक ओळ वाचावी. ‘ड्यू डेट’ म्हणजे शेवटची तारीख आणि ‘लेट फी’ म्हणजे ती चुकल्याचा दंड. ‘पार्ट पेमेंट’ म्हणजे थोडी थोडी भरण्याची सोय. काही ॲपमध्ये ती बंद ठेवलेली असते, पण हप्ते द्यायचे की नाही हे मोबाईल ठरवत नसतो, शाळा ठरवते. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या घराची मिळकत महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही. तेव्हा अर्ज लिहून हप्ते मागावेत आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

‘पेमेंट गेटवे’ म्हणजे आपली बँक आणि शाळेची बँक यांच्यामध्ये बसलेला रोखपाल. ‘सेटलमेंट’ म्हणजे त्या रोखपालाने गोळा केलेली रक्कम शाळेच्या खात्यात नेऊन टाकणे. याला एखाद-दोन दिवस लागू शकतात. आपल्या मोबाईलवर ‘भरले’ आणि शाळेच्या लिपिकाकडे ‘आले नाही’ असे दिसते ते पुष्कळदा यामुळे. दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी लिपिकाशी भांडू नये, व्यवहार क्रमांक दाखवावा. आणि शाळांनीही एवढ्या दोन दिवसांसाठी लेकराला वर्गात उभे करू नये. हिशोब पालकाचा आहे, मान खाली घालायची वेळ मुलावर का यावी?

‘कन्व्हिनियन्स फी’ म्हणजे सोयीबद्दलचा जादा आकार. यूपीआयने घेतलेल्या पैशावर व्यापाऱ्याकडून कापायचे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आलेले आहे. तरी ॲप चालवणारी कंपनी आपला वेगळा आकार लावू शकते, कार्डाने भरले तर तो जास्तही असू शकतो. शेवटचे बटण दाबण्याआधी फीचा आकडा आणि कापला जाणारा आकडा यांत फरक आहे काय ते पाहावे. दहा-वीस रुपये म्हणजे आपल्या घरात एका वेळचे दूध असते.

‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची आपण दिलेली परवानगी. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना आली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि दिलेली परवानगी रद्दही करता येते. मुलाने शाळा किंवा शिकवणी बदलली की जुनी परवानगी त्याच दिवशी रद्द करावी. ‘रिफंड’ म्हणजे परतावा. तो तोंडी मागू नये, लेखी मागावा.

आणखी एक. मोबाईलवर बटण आले म्हणून कोणतीही रक्कम कायदेशीर होत नाही. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जिल्हा परिषद व नगरपालिकेच्या शाळेत पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत आहे. प्रवेशासाठी देणगी घेण्यास त्या कायद्याने मनाई आहे. खाजगी शाळांच्या फीवर महाराष्ट्राचा २०११ चा कायदा आहे आणि फी ठरवण्यात पालकांच्या समितीला त्याने स्थान दिले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळांची फी यूपीआयने घेण्याविषयी राज्यांना पत्र लिहिले. म्हणजे ही पद्धत वाढत जाणार आहे. आपल्या पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या सभेला मागच्या रांगेत गप्प बसण्याचे दिवस संपले पाहिजेत.

परंतु ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचे काय? साध्या फोनवरूनही पैसे पाठवण्याची सोय आहे. *९९# ही एक आणि मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली ‘१२३ पे’ ही दुसरी. ज्यांना तेही नको त्यांची रोख रक्कम समितीने आनंदाने घ्यावी. ‘आता फक्त ऑनलाइन’ असे म्हणणारी समिती रोजंदारीवर जाणाऱ्या माउलीला दाराबाहेर ठेवते. विहाराच्या दारात असे कोणाला उभे ठेवण्यासाठी आपण १९५६ साली धम्म घेतला नाही. तिचे पन्नास रुपये आणि नोकरदाराचे पाच हजार एकाच पावतीपुस्तकात, एकाच क्रमवारीत लिहावेत. रोख असो की मोबाईल, पावती तीच.

व्हॉट्सॲपच्या गटावर ‘यांची बाकी आहे’ म्हणून नावे टाकण्याची रीतही वाढत चालली आहे. ती थांबवा. वर्गणी हे दान आहे, सावकाराचे देणे नव्हे. जमेची व खर्चाची यादी जरूर टाका, प्रत्येक खर्चाचे प्रमाणक दाखवा. पण कोणाच्या गरिबीची यादी टाकू नका.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. विनयपिटकाच्या महावग्गात भांडागारिकाचा, म्हणजे संघाचे भांडार सांभाळणाऱ्या भिक्खूचा, नियम आहे. तो संघाने रीतसर निवडायचा. त्याने आवडीनिवडीने वागू नये, द्वेषाने वागू नये, मोहाने वागू नये, भीतीने वागू नये आणि काय राखले आहे व काय राखलेले नाही याची त्याला माहिती असावी. आपल्या समितीचा खजिनदार निवडताना हे पाच गुण पाहावेत, सहावा पाहण्याची गरज नाही. आणि पंचशीलातले दुसरे शील आपण दर रविवारी घेतो: न दिलेले घेणार नाही. गाडीभाड्यासाठी दिलेला रुपया मंडपाला वापरला, तर तो चोरला नसेल, पण तो मंडपासाठी दिलेलाही नव्हता. म्हणून पैसे पाठवताना ‘नोट’ किंवा ‘रिमार्क’ या रिकाम्या जागेत कशासाठी ते लिहावे: ‘विहार बांधकाम’, ‘जयंती’, ‘गाडीभाडे’. दोन शब्दांची ही नोंद खजिनदारालाही सावध ठेवते.

आमची विनंती एवढीच की, येत्या रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येक विहारात अर्धा तास यासाठी काढावा. आठवी-नववीतल्या मुलींना पुढे बसवा. त्यांच्या हातून हे शब्द फळ्यावर लिहून घ्या आणि त्यांनीच ते आज्या-मावश्यांना समजावून सांगावेत. समितीने भिंतीवरच्या चौकोनाखाली तीन ओळी लिहाव्यात: खाते कोणाच्या नावावर आहे, पावती कोण देईल आणि हिशोब कोणत्या तारखेला वाचला जाईल. ज्या विहारात या तीन ओळी लिहिल्या जातील, तेथे पारावरच्या चार माणसांना बोलायला काही उरणार नाही.

जयभीम!